वाट्यांखालचा मुलूख

डाव रंगात असताना बेल वाजली, की वहिनी दोन्ही तळहात पटावर पसरायच्या. "डाव मोडायचा न्हाय हं, भावजी!" दार उघडायला उठायचं ते मी, तेही या गुडघ्यांनिशी!

कोपरखैरण्यात आमची दारं समोरासमोर. वहिनी साताऱ्याकडच्या, तुर्भ्याला खोक्यांच्या कारखान्यात कामाला. तिथल्याच पुठ्ठ्यावर त्यांनी मुलाचा कंप्युटरवरचा लढाईचा गेम उतरवला होता. गाव वसवायचं, धान्य आणि लाकूड जमवायचं, सैन्य उभारून समोरच्याचा किल्ला घ्यायचा. तूरडाळ म्हणजे धान्य, काडेपेटीच्या काड्या म्हणजे लाकूड, शर्टाची बटणं म्हणजे शिपाई. स्क्रीनवर न पाहिलेला मुलूख अंधारात असतो ना, तुम्ही पाहिला असेल. तो इथे उपड्या वाट्यांखाली. वाट्या आमच्या घरच्या. आमटीला मग ताटलीच उरायची.

"कंप्युटरवर समदं एकदम पळतं," त्या म्हणायच्या. "हितं पाळी येईस्तोवर मानूस थांबतो. मी बी थांबाया पायजे हुतं."

त्याचं असं झालं. मुलगा बारावीला होता. कितीतरी दिवस खेळलेली मोहीम शेवटच्या लढाईला आली होती. वहिनी जेवायला हाका मारून थकल्या, तो म्हणाला, "आई, पाचच मिनिटं." वहिनींनी रागाने वायर उपटली. कंप्युटर बंद पडला तो कायमचाच, मोहीमही गेली. पोरगं मुकाट्याने जेवलं आणि झोपलं. पुन्हा घरात तो कधी खेळला नाही.

"भांडला असता तर बरं झालं असतं वो," म्हणत त्या पटावरची डाळ पुन्हा मोजायच्या. हा पट त्यांनी त्याच्यासाठीच केला होता. मी नुसता सरावाचा गडी.

गेल्या दिवाळीत तो बंगळुरूहून आला. वहिनींनी पट मांडला आणि स्वतःचे कान धरले. "चुकलं रे माझं, ती वायर..."

"कसली वायर?" तो हसला. "मला आठवतही नाही, आई."

डाव झाला, तो जिंकलाही. दुसऱ्या दिवशी वहिनी माझ्याकडे येऊन बसल्या, डोळे सुजलेले. "इसरलाय त्यो, भावजी. मग मला माफ कोन करनार?"

मी आपला चहा टाकला.

होळीच्या सुमाराला अर्ध्या डावात त्यांच्या छातीत कळ आली. रिक्षात बसवताना मलाच बजावलं, "पाळी माझी हाय." त्या परत आल्या नाहीत. पट मी हलवला नाही.

तेरावं झाल्यावर मुलगा निरोप घ्यायला आला. पटासमोर, वहिनींच्या खुर्चीत बसला.

"काका, मी विसरलो नव्हतो. तिला हलकं वाटावं म्हणून तसं म्हणालो. बरं केलं ना?"

आता काय सांगणार, सांगा! "बरं केलंस रे," मी म्हणालो. त्याच्याकडे बघवत नव्हतं.

तेवढ्यात बेल वाजली. त्याचा टॅक्सीवाला असणार. मी उठायच्या आत त्याने दोन्ही तळहात पटावर पसरले होते.