मोडेम मास्तर

मोडेम मास्तरांना शीळ घालायला सांगितली, तर ते गाणं वाजवत नसत. मोडेमचा आवाज काढत. आधी टूं टूं, मग चिर्र, मग खर्र. चिखलीच्या शाळेत ते विज्ञान शिकवत आणि मी मराठी. घरंही शेजारी, त्यामुळे ही मैफल मला दोन्हीकडे फुकट!

त्यांच्याकडे टीव्हीला जोडलेला छोटा कॉम्प्युटर होता. नागपूरच्या थोरल्या भावाने मोडेम पाठवला होता. टेलिफोनच्या तारेवरून इकडचं टाइप केलेलं तिकडच्या पडद्यावर पोचवणारी ती डबी. रविवारी दुपारी मास्तरांनी लिहिलेला प्रोग्राम आपोआप नंबर फिरवी, मोडेम किंचाळे, आणि दोघे भाऊ टाइप करून गप्पा मारत. तोंडाने म्हणाल तर दोघेही महाघुमे. "टाइप केलं की मानूस मोजकं बोलते, बाई," मास्तर मला म्हणायचे. जसं काही एरवी ते भाषणंच ठोकत होते!

त्यांच्या मायला मात्र हे मुळीच पटेना. फोन लावायचा आणि बोलायचं नाही, ही कुठली रीत? एका रविवारी तिने मधेच रिसीव्हर उचलला आणि त्या किंचाळण्यालाच विचारलं, "जेवला काय रे, बापू?" झालं, जोडलेली लाइन तुटली. मास्तर चिडले.

"माय, तो मशीनचा आवाज आहे व!"

"माह्यं पोरगं तिकडंच हाय नं? मंग मले त्याचा आवाज काऊन नाई आयकू येत?"

मास्तर परत कॉम्प्युटरपुढे जाऊन बसले.

पुढच्या रविवारी त्यांनी मला मुद्दाम बोलावलं. प्रोग्राम बदलला होता. आता मोडेम नंबर फिरवून मुकाट बसे, माय फोनजवळ पाटावर बसून पोटभर बोले, आणि तिने एक बटण दाबलं की मगच मोडेमला तोंड उघडायची परवानगी. मायला अक्षरओळख नव्हती, म्हणून त्या बटणावर मी माझ्या पाकिटातली लाल टिकली चिकटवली. पहिला प्रश्न ठरलेला, जेवला काय रे. शेवटी, "माह्यं झालं. आता बोलू दे तुह्या डबड्याले," असं म्हणत ती टिकली दाबी.

मग माय गेली. तेरावं आटोपून भाऊ नागपूरला परतले. त्यानंतरच्या रविवारी मी चहा घेऊन गेले. मास्तरांनी सवयीने रिसीव्हर काढून मायच्या पाटाजवळ ठेवला होता. मोडेमने नंबर फिरवला आणि तोही सवयीने गप्प बसला.

"मास्तर, ते थांबायचं काढून टाका आता," मी म्हटलं.

"हाव, काढतो." पण हात काही हलेना.

तेवढ्यात पाटाजवळून भावाचा बारीक आवाज आला, "जेवला काय रे, बाळ्या?"

मास्तरांनी रिसीव्हर कानाला लावला. "नाई, दादा," म्हणाले आणि हमसून रडायला लागले. मग ते दोघे घुमे असे बोलत सुटले, की जन्मात बोलले नसतील. चहा पार निवला. टिकलीचं बटण त्या दिवशी कोणी दाबलंच नाही.