ग्रहणातली मेथी

आज ग्रहण आहे, आणि आमच्या घरात मेथी चिरल्याचा वास येतो आहे. हिंदी मुलखातल्या इंद्रपुरी वसाहतीतल्या या घराला मेथी नवी नाही. पण ग्रहण लागलेलं असताना हा वास इथे यावा, ही मोठी गोष्ट आहे. खिडकीबाहेरचं ऊन पातळ झालंय, लोणच्याच्या बरणीवर तुळशीचं पान आहे, आणि आई विळीवर बसली आहे.

एरवी ग्रहण लागलं की विळी आडवी व्हायची. सुई, कात्री, सुरी, सगळं फडताळात जायचं. बाकी आईचा देवधर्म बेताचाच. सोवळंओवळं नागपूरलाच विसरून आले, असं ती स्वतःच हसत सांगते. ग्रहण मात्र ती कडक पाळायची. ताई पोटात असताना एका ग्रहणात तिनं बाबांच्या डब्यासाठी मेथी चिरली होती. कारखान्याच्या भोंग्याला ग्रहण ठाऊक नसतं, आणि बाबांना उपाशी पाठवणं तिच्या जिवावर आलं. पुढे ताई मोठी झाली, उंच, देखणी, गणितात तल्लख. पण तिला पाळी आलीच नाही. मूल होणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि आईनं सगळा दोष त्या मेथीला, म्हणजे स्वतःला दिला.

मी जनुकशास्त्राकडे वळलो तो ताईमुळेच. माझी उभी हयात संप्रेरकांचे, म्हणजे हार्मोन्सचे, ग्राही शोधण्यात गेली. पोटातला गर्भ सुरुवातीला मुलगा की मुलगी, काहीच दाखवत नाही. मग संप्रेरक निरोप घेऊन येतं, आणि पेशीतल्या ग्राहीनं तो ऐकावा लागतो. माझ्यासारखाच मुलगा घडवण्याचा निरोप ताई आईच्या पोटात असताना तिलाही आला होता. तिच्या ग्राहीला तो ऐकूच गेला नाही, आणि ती मुलगी म्हणून वाढली, मुलगीच झाली. या ग्राहीच्या जनुकाच्या दोन प्रती आईजवळ. एक धड, एक बिघडलेली. ताईला दुसरी मिळाली, मला पहिली. माझी मुलं अंगणात खेळत असली आणि ताई त्यांच्या वेण्या घालत असली, की माझी नजर खाली जायची. अजूनही जाते.

ताईला हे सगळं मी केव्हाच सांगितलं होतं. "आईला नको सांगूस," एवढंच ती म्हणाली. मलाही ते पटलं. ग्रहणाच्या आरोपातून आईला सोडवावं, तर तिला ‘हे तुझ्याच रक्तातून आलं’ म्हणावं लागणार. इकडे आड, तिकडे विहीर. जगभर व्याख्यानं दिली, पण स्वयंपाकघरात येऊन तोंड उघडलं नाही. या गप्प राहण्याची मला शरम वाटायची.

आज सकाळी शेजारची सून आली. सातवा महिना लागलाय. "अम्मा, ग्रहण में क्या-क्या नहीं करना, आप बता दो."

"कुछ काटना मत, बेटा," आई म्हणाली. "मैंने काटा था. मेरी लड़की आज तक भुगत रही है."

ताई आतच मेथी निवडत बसली होती. तिचे हात थांबले. सून गेल्यावर तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "सांग आता."

मी सांगितलं. निरोप, ग्राही, दोन प्रती, सगळं. ऐकता ऐकता आईनं जमिनीवर सांडलेली मेथीची पानं गोळा केली.

"म्हणजे बाहेरचं काही लागलं नव्हतं तिला?"

"नाही."

"माझंच आहे ते?"

"हो."

"मग ठीक आहे," ती म्हणाली. "माझंच आहे तर ठीक आहे. मला वाटायचं, पोरीला कसलं परकं लागलं." आणि ताईपुढची पाटी ओढून घेत म्हणाली, "आण इकडे. तू फार जाड चिरतेस."

आता ग्रहण सुटत आलंय, ऊन पुन्हा दाट होतंय. आईच्या मनावरचं ओझं उतरलं, याचा आनंद मला आहेच. माझं मात्र उतरलं नाही. धड प्रत माझ्याकडे का आली, याला ना ग्रहण कारण आहे, ना मेथी. मी काही चिरलं असतं, तर ताईची माफी तरी मागता आली असती.

ताई जेवणाची पानं घेतेय. पहिली भाकरी तिनं माझ्याच ताटात वाढली.