रिकाम्या बाटल्यांचा क्रेट

बांधावरून निम्मी वाट संपली तरी रोस्विता बोलली नव्हती. दर रविवारी आम्ही दोघी चर्चमधून निघून नदीकाठाने धरणापर्यंत जातो, आणि एरवी तिचं तोंड थांबत नाही. पस्तीस वर्षं तिने पोलिसांत तपासाचं काम केलं. आता टीव्हीवरच्या रविवारच्या गुन्हेमालिकेची सल्लागार म्हणून लेखकांच्या चुका काढते. बेड्या अशा घालत नाहीत, पंचनामा असा करत नाहीत.

"आजचा भाग बघू नकोस," ती एकदम म्हणाली. "नाही, बघ."

"अगं, एक काय ते ठरव."

ती हसली नाही. मग चालता चालता सगळं सांगितलं. एकोणीस वर्षांपूर्वी आमच्या गावातल्या आनेग्रेटचा नवरा गेला, तो सगळे समजतात तसा हृदयविकाराने नव्हे. त्याच्या माराने तिचा डावा कान गेला होता. तिने त्याच्या बिअरमध्ये गोळ्या घातल्या. ती बाटली तपासाला गेलेल्या रोस्विताला स्वयंपाकघरात सापडली. तिने ती रिकाम्या बाटल्यांच्या क्रेटमध्ये ठेवली आणि क्रेट दुकानात परत केला. बाटली पुन्हा भरण्यासाठी कारखान्यात धुवायला गेली, पुरावा संपला, प्रकरण मिटलं.

दुकान मेलेल्याच्या भावाचं, डेटलेफचं. "काय बाई, पोलीस आता बाटल्याही पोचवतात का?" असं तो तेव्हा चेष्टेने म्हणाला होता.

"आणि मालिकेत?"

"तिथेही असाच खून. लेखकाने लिहिलं होतं, पोलीस नायिका पुराव्याची बाटली नदीत फेकते. मी म्हटलं, आपल्याकडची बाई अनामत भरलेली बाटली फेकेल का रे? क्रेटमध्ये घालून परत देईल! तोंडातून निघून गेलं गं. चूक दिसली की मला राहवत नाही."

सव्वाआठला सगळं गाव खानावळीत मालिकेला जमणार, खुनी कोण याच्या चिठ्ठ्या टाकणार. डेटलेफ पुढच्या बाकावर, आनेग्रेट मागे.

"तिला येऊ नको म्हणून सांग."

"ती एक रविवार चुकवत नाही. आज चुकवला तर डेटलेफला तिथेच कळेल."

"त्या नायिकेला तर लोक डोक्यावर घेतात," मी म्हणाले. "कायदा मोडते तरी."

"तिने त्यांच्यातल्या कुणाच्या भावाचा खून दडपलेला नाही."

मी मनातल्या मनात प्रार्थना सुरू केली, पण कुणासाठी मागायचं ते सुचेना.

"आनेग्रेटच्या उजव्या बाजूला बस, तिला ऐकू येईल," रोस्विता म्हणाली. "क्रेट दिसल्यावर डेटलेफने वळून तिच्याकडे पाहिलं, तर मला फोन कर. त्याच्याआधी मला ठाण्यात पोचून माझं मीच कबूल करायला हवं. मी कोट घालून दारातच बसलेली असेन."