एकोडीची वाट आणि पदरातली गोळी

अंगणात सडा टाकून झाला होता, चुलीवर चहा होता, आणि माझे यजमान ओट्यावर बसून डावा खांदा चोळत होते. "पऱ्हे उपडून दुखून राहिला," म्हणाले. रोवणीत भाताची रोपं उपडून अंग दुखतंच. दुखण्याची गोळी घेतली आणि बांधीत, भाताच्या वाफ्यात, गेले. तिथून त्यांना उचलूनच आणलं, जीव गेला होता. दुखणं हृदयाचं होतं.

यंदा रोवणीला धाकट्या बहिणीनं, शेवंतानं, एकोडीला बोलावलं. मोहाडीहून भंडारा, तिथून साकोलीची एसटी धरा. बायकांना अर्धं तिकीट आहे. लाखनीला गरम आलुबोंडा मिळतो. मी खाल्ला नाही. मांड्या ठणकत होत्या. कोलेस्टेरॉलची गोळी नुकतीच सुरू झाली होती. पाकिटातली चिठ्ठी मी भिंग लावून वाचली होती: कारण नसताना स्नायू दुखले तर डॉक्टरांना सांगा.

साकोलीहून ऑटोनं एकोडी. दोन्ही बाजूंना पाणी भरलेल्या बांध्या, वाकलेल्या बायका. तंबाखूची पुडी फिरावी तशी त्यांच्यात दुखण्याची गोळी फिरते. नाव कोणी विचारत नाही. मला लंगडताना पाहून शेवंतानं पदराची गाठ सोडली.

"घे बाई. सारं अंग मोकळं होते."

"मी रोवलं कुठं? मंग मले काहून दुखते?"

"बसमधी बसून. म्हातारी झाली तू."

"वाचून वाचून भेते थे," मागून कोणी म्हणालं. सगळ्या हसल्या. मीही हसले आणि गोळी माझ्या पदरात बांधली. रात्रभर मांडीवर हात ठेवून पडले.

परतताना लाखनीला उतरले. औषधाच्या दुकानात दोन्ही गोळ्या दाखवल्या.

"काकू, बीपी हाये का?"

"हाये."

"मंग ही दुखण्याची घेऊ नोका. बीपी वाढते, किडनीले त्रास होते. कोलेस्टेरॉलच्या गोळीसंग साधी पॅरासिटामॉल बहुतेकांले चालते, पण तीबी मापात. आन् दुखणं दाबून बसू नोका, त्याच गोळीनं असू शकते. डॉक्टरले सांगा. लघवी काळपट झाली तर लगेच जा."

"थे कोलेस्टेरॉलची बंद करू?"

"आपल्या मनानं नोका करू."

घरी पोचले तेव्हा दिवे लागले होते. एकोडीची हिरवळ डोळ्यांत होती, पण ओट्याकडे पाहिलं की खांदा चोळणारा हातच दिसत होता.

दुसऱ्या दिवशी सडा टाकला, दोन्ही गोळ्या घेऊन दवाखान्यात गेले आणि कुठे दुखतं ते डॉक्टरांना दाखवलं.