काकांची नक्कल

मी अडखळत बोलते आणि भरपूर बोलते. ऐकणाऱ्याने सवड काढावी.

लहानपणी महाल वस्तीतल्या आमच्या घरी वडिलांचे धाकटे भाऊ पारशिवनीहून यायचे. पिशवीत तुरीच्या शेंगा असायच्या. हे काका तोतरे. ‘पाणी’ म्हणायला त्यांना इतका वेळ लागे की तोवर मी गडवा भरून आणायची. मी आणि माझा भाऊ त्यांची हुबेहूब नक्कल करायचो. भाऊ माझ्याहून सरस. सगळे हसत, काकासुद्धा.

पाच वर्षांची होता होता मीच अडखळायला लागले. आईने जिभेवर वेखंड घासलं, दृष्ट काढली आणि शेवटी निकाल दिला, “काकाची नक्कल करे, तेच जडलं.” काका तेव्हा दारातच उभे होते. त्यानंतर ते आमच्याकडे बोलेनासे झाले. तहान लागली की माठाकडे बोट करायचे. मला वाटे, त्यांना हसले म्हणून ही शिक्षा. त्यांना वाटे, पोरीला आपल्यामुळे लागण झाली. फार वाईट वर्षं होती ती.

कॉलेजात तोंडी परीक्षेच्या धास्तीने मी वाचादोषांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. नकलेचं पाप कबूल केलं.

“भाऊ तोतरा आहे का?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“नक्कल तर तोच जास्त चांगली करायचा ना?”

बाई म्हणाल्या, कारण पुरतं कळलेलं नाही, पण बऱ्याचदा ते घराण्यातच असतं. नकलेने होत नाही, दृष्टीनेही नाही. घरच्यांना सांगा, मधे शब्द पुरवू नका, थांबून ऐका.

दुसऱ्याच दिवशी मी पारशिवनीची एसटी पकडली. काका ओसरीवर शेंगा सोलत होते. मी सगळं सांगितलं, ठिकठिकाणी अडत. त्यांनी एकही शब्द पुरवला नाही.

“म्हणजे म... माह्यामुळं नाही?”

“नाही काका. दोष द्यायचाच तर तुमच्या पणजोबांना देऊ.”

ते हसले. मग डोळे पुसले. सवयीने त्यांचा हात माठाकडे उचलला गेला. तो त्यांनी खाली घेतला.

“पा... पा...”

मी जागची हलले नाही.

“पाणी दे वं पोरी.”