नानांकडचा वरण-भात

नानांनी घरी जेवायला बोलावलं की आमच्या टीममधल्या साडेसहा फुटी माणसालाही घाम फुटायचा. बर्मिंगहॅममधल्या आमच्या छोट्याशा व्यावसायिक बास्केटबॉल क्लबात हा नियम सगळ्यांना पाठ होता. ज्याला ठेवायचं त्याला नाना पबमध्ये नेऊन फिश अँड चिप्स खाऊ घालायचे, आणि ज्याला सोडायचं त्याला घरी बोलावून वरण-भात. वर साजूक तूप, बाजूला लिंबाची फोड, शेवटी ताक. जेवताना विषय काढायचा नाही. ताक पिऊन झालं की शांतपणे सांगायचे, पुढच्या सीझनला तू नाहीस. मग दारापर्यंत पोचवायला जायचे आणि म्हणायचे, "खेळणं संपलं, येणं नाही. येत जा." "बाहेर काढायचा माणूस आधी आत घ्यावा लागतो," हे त्यांचं यावरचं तत्त्वज्ञान.

नाना मूळचे नागपूरचे. तिथे शाळेच्या डांबरी कोर्टावर त्यांनी गुडघे फोडून घेतले, तरुणपणी मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून बर्मिंगहॅमला आले, आणि निवृत्त झाल्यावर या क्लबाचे मॅनेजर झाले. कोणाला घ्यायचं, कोणाला सोडायचं, यात शेवटचा शब्द त्यांचा. मी पुण्याची. रीडिंगला बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये बरीच वर्षं काढली, मग नवऱ्याची नोकरी इकडे आली म्हणून आले आणि क्लबाचं ऑफिस सांभाळायला लागले. बास्केटबॉलमधलं मला एवढंच कळायचं की चेंडू जाळीतून खाली पडला की टाळ्या वाजवायच्या, आणि त्यातही एकदा समोरच्या टीमसाठी वाजवल्या. पण मी प्रॅक्टिकल बाई आहे, हे माझं स्वतःबद्दलचं लाडकं मत होतं. क्लबाला तशी बाई हवीच होती, कारण टीमचं वय झालं होतं. नानांचंही झालं होतं. दोन्हींबद्दल कोणीतरी काहीतरी करणं भाग होतं, आणि त्यासाठी पगार मला होता.

वय झालेली टीम ओळखणं सोपं असतं. सामन्याआधी ड्रेसिंग रूममधून बामाचा वास येतो. टाइम-आउट डावपेच ठरवायला नाही, श्वास घ्यायला मागतात. आमची माणसं पहिला अर्धा वेळ अनुभवावर जिंकायची आणि उरलेला वयावर हरायची. म्हणून मी एक तक्ता केला. विशीतले हिरवे, तिशीला टेकलेले पिवळे, त्यापुढचे लाल. नानांनी चष्मा वर करून पाहिलं.

"हे काय, मिरच्या वाळू घातल्या का?"

"नाना, परिस्थिती दाखवतेय."

"आणि आपण दोघं कुठल्या रंगात?"

"तक्ता खेळाडूंचा आहे," मी म्हटलं. पन्नाशी ओलांडलेल्या, जिना चढताना कठडा धरणाऱ्या बाईने हे फारच ताठ मानेने म्हटलं.

अमेरिकेत म्हणे क्लब खेळाडूंची परस्पर अदलाबदल करतात. आमच्याकडे असं काही जमवायचं तर दोन्ही क्लब राजी हवेत, दोन्ही खेळाडू राजी हवेत, आणि शक्यतो त्यांच्या बायकाही. नाना याला साटंलोटं म्हणायचे आणि एखाद्या सोयरिकीसारखंच हाताळायचे. समोरचा क्लब तीन गुण सांगायचा, नाना चौथा अवगुण काढायचे. व्हिडिओ कॉलवर तरुण खेळाडू आपल्या उड्यांबद्दल सांगत असायचा आणि नाना विचारायचे, आई काय करते? नाश्ता स्वतः करतोस का? मी शेजारी बसून आकडे पुढे सरकवत राहायची. नको असलेल्या स्थळाला ते "पत्रिका जमत नाही" म्हणून नकार द्यायचे. इंग्रजीत त्याचं काय करायचे देव जाणे, पण कोणी रागावलं नाही.

नाना नेहमी बरोबर असायचे असं मात्र नाही. माझ्या तक्त्यातला सगळ्यात हिरवा पोरगा त्यांनी नाकारला, का तर बेंचवर बसल्यावर तोंड पाडून बसतो. त्या पोराने दुसऱ्या क्लबात जाऊन वर्षभर आमची धुलाई केली. एका सामन्यात नाना माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "चांगला आहे गं हा. कोणी नको म्हटलं होतं याला?" उलट, आईची चौकशी करणारा, स्वतःचा नाश्ता करणारा, अत्यंत सालस असा जो मुलगा त्यांनी निवडला, त्याचा गुडघा नोव्हेंबरातच गेला. तो पुढे प्रत्येक सामन्याला कुबड्या घेऊन येऊन सगळ्यांना पाणी देत राहिला. "स्वभाव बघ," नाना म्हणाले. मी स्कोअरबोर्ड बघत होते.

माझ्या प्रॅक्टिकलपणाचं खरं दर्शन मात्र गणपतीत घडलं. आमचा कॅप्टन इथलाच, बर्मिंगहॅममध्ये जन्मलेला, छत्तिशीचा. नाना त्याला "थोरले" म्हणायचे. तक्त्यात तो लालभडक, पण नानांना हवाच होता. तेव्हा म्हटलं, आपणही जरा ओळख वाढवावी. मी त्याला आणि त्याच्या बायकोला घरी प्रसादाला बोलावलं. नैवेद्याचं ताट म्हटलं की वरण-भात आलाच. त्यात आणखी काही अर्थ असू शकतो हे माझ्या डोक्यातही आलं नाही. कॅप्टन आला तो सूट घालून. हातात हॉलच्या किल्ल्या आणि इस्त्री केलेली जर्सी. मला वाटलं, किती रीतीचा माणूस, देवाच्या पायाशी ठेवायला आणली असेल. मुदीवरचं पिवळं वरण पाहून त्याच्या बायकोने त्याच्या पाठीवर हात ठेवला. मी आग्रह करकरून तूप वाढत होते. तो निमूटपणे सगळं जेवला आणि म्हणाला, "बॉस, इट्स ओके. तुझा फोन आला तेव्हाच कळलं. मी काल दुसऱ्या क्लबला हो म्हणालोय."

मी नानांना फोन केला. आधी ते इतके हसले की मला वाटलं, आता यांनाच काहीतरी होणार.

"अगं बाई, देवाला नैवेद्य दाखवता दाखवता आमच्या थोरल्यांचंच विसर्जन करून राहिली तू!"

त्याच संध्याकाळी त्यांनी कॅप्टनला पबमध्ये नेलं. समोर मासा आल्यावर एवढा मोठा माणूस रडला म्हणे. दुसऱ्या क्लबाला नानांनी स्वतः कळवलं, पत्रिका जमत नाही.

पुढे दोन सीझन आम्ही तसेच रेटले. मग लंडनच्या एका कंपनीने क्लब विकत घेतला. टीम तरुण करायची, निवड आकड्यांवर करायची, आणि नानांना मानद अध्यक्ष करायचं, म्हणजे हार घालून बाजूला बसवायचं, असं ठरलं. माझ्या तक्त्याची त्यांनी फार स्तुती केली. हे नानांना सांगायचं कोणी, असा प्रश्न आल्यावर मीटिंगमधल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. "तुमची भाषा एक आहे ना," एक जण म्हणाला.

मी ठरवलं, फोनवर सांगायचं. स्पष्ट, थोडक्यात, भावना वगैरे मध्ये न आणता. फोन लावला. "बोल," नाना म्हणाले. आणि माझ्या तोंडून बाहेर पडलं, "नाना, रविवारी घरी जेवायला या ना."

पलीकडून सरळ प्रश्न आला.

"वरण आहे का?"

"आहे."

"मग लिंबू मी आणतो. तुझ्याकडचं नेहमी सुकलेलं असते."

रविवारी ते क्लबाचा टाय लावून आले. कोटाच्या खिशात लिंबू. वरण मी त्या दिवशी नेमकं खाली लागू दिलं होतं. नानांनी दुसऱ्यांदा भात घेतला, तूप कमी आहे म्हणाले. मी बोलायला तोंड उघडलं तर हात वर करून म्हणाले, "ताकानंतर." मी फ्रिज उघडला. दही नव्हतं.

"नाना, ताक राहिलंच."

"मग सांगशील कसं?"

ते गंभीर होते. मी घरातल्या चपलांवरच कोपऱ्यावरच्या दुकानात धावले. परत आले तर नानांनी भांडी घासून ठेवली होती, करपलेल्या पातेल्यासकट. मी ताक घुसळलं, पेला त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो माझ्याकडे सरकवला.

"तू पी. तुला जास्त गरज आहे."

मी प्याले. मग सांगितलं. आठवडाभर जुळवून ठेवलेल्या वाक्यांतलं एकही धड आलं नाही. नानांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "थोरल्यांचं काय?"

"एक वर्ष आहे. मी मागून घेतलं."

"लाल असून?"

"लाल असून."

ते हसले. दाराशी बूट घालून झाले तरी ते तिथेच घुटमळत राहिले. कशासाठी, हे मला जरा उशिरा सुचलं.

"येत जा, नाना."

"हं," ते म्हणाले. "आता झालं बरोबर."

आणि ते येत राहिले. मागच्या रांगेत बसून नव्या मुलांचे आकडे मलाच विचारायचे. वर्षाने कॅप्टनला वरण-भात मी वाढला. या खेपेला दही आदल्या दिवशीच आणून ठेवलं होतं. नाना गेल्या हिवाळ्यात गेले. त्या दिवशी त्यांच्या दारात मान वाकवून आत शिरणाऱ्या उंच माणसांची रांग लागली होती, आणि त्यांतल्या बहुतेकांना नानांनी याच घरात बोलावून क्लबातून काढलेलं होतं.

परवा लंडनहून मला फोन आला. पुढच्या वर्षाबद्दल जरा बोलायचंय, लंचला भेटू या. मी विचारलं, कुठे? कोणाच्या घरी? ते बुचकळ्यात पडून म्हणाले, रेस्टॉरंटमध्ये टेबल बुक केलंय. जीव भांड्यात पडला. तरी निघताना पर्समध्ये एक लिंबू टाकलंच.