धुण्याच्या दगडाचा दोष

हे मी आजवर कुणाला बोलले नाही — सख्ख्या बहिणीलासुद्धा नाही. घरातली सुईदेखील माझ्या याद्यांत नोंदलेली असते. ही गोष्ट मात्र मी कुठंच लिहिली नाही.

दोन वर्षांपूर्वी माझ्या उजव्या गुडघ्याचं लिगामेंट फाटलं. हे — माझे यजमान — शेतातून आले, तेव्हा मी मागच्या अंगणात धुण्याच्या दगडाशेजारी बसले होते. सकाळी कपडे त्यांनीच धुतले होते, साबणाचा फेस तसाच राहिला होता. "घसरले," मी म्हणाले. एकच शब्द — इतका सहज कसा निघाला?

"लई चुकलं माझं," म्हणत दुसऱ्या दिवशी त्यांनी पहारीनं तो दगड उखडून टाकला.

ऑपरेशन झालं. मांडीतली कंडरा — स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी — काढून गुडघ्यात बसवली. डॉक्टरांनी समजावलं — आधी एन्झाइम तिचे जुने तंतू कुरतडून काढतात, मग त्या जागी नवे विणले जातात. मधले काही महिने ती सगळ्यात कच्ची असते, आणि नेमका तेव्हाच गुडघा बरा वाटतो. मी यादी केली: व्यायाम, बर्फ, गोळ्या. एकेक झालं की यादीवर खुणा हे करायचे. हे भाकरीसुद्धा करायला शिकले. "जेवले का तुझे एन्झाइम?" म्हणून रोज हसवायचे. आमच्या संसारातलं इतकं गोड वर्ष दुसरं नाही — आणि ते माझ्या खोट्यावर उभं होतं.

मग खरं काय? सांगते. पण आधी आणखी एक — त्यांचं व्हॉलीबॉल मीच बंद केलं होतं. "वय बघा तुमचं. पाय मोडला तर मी तुमचं काही करणार नाही," असं चारचौघांत बोलले होते. त्यांनी बूट देऊन टाकले.

आणि गुडघा गेला त्या शनिवारी, येडशीच्या ज्या शाळेत मी लिपिक आहे, तिच्या मैदानावर मी पदर खोचून मुलींबरोबर खो-खो खेळत होते. खांबापाशी वळताना पाय मातीत रुतला. अंग वळलं, गुडघा वळला नाही. मुलींना गप्प बसवलं. रिक्षानं घरी आले. जाणूनबुजून त्या दगडाशेजारी बसले.

परवा त्यांचे मित्र खेळायला बोलवायला आले. "नको बाबा, वय झालं. हिचं बघितलं न्हाय का?" हे म्हणाले. मी आत चहा गाळत होते. गाळत राहिले.

गुडघा आता घट्ट विणला गेलाय. त्यांचा खेळ अजून माझ्या शब्दानं बंद आहे. मी घसरले नव्हते, खेळत होते — पडायच्या आधी तीन गडी बाद केले होते, आणि चौथ्या मुलीच्या पाठीला माझा हात लागतच होता.